वालावलकर जर्मनाचा खर्ज

...अहो नाही, नाही, नाही! शाल कसली घालताय, नारळ कसला देताय, मी गायलो नाही हो! तुम्हाला सांगतो, गळ्याशप्पथ सांगतो, तोंड उघडं होतं माझं, कबूल, व्हिडिओत पार पडजिभेपर्यंत दिसतंय, पण आतून जो आवाज बाहेर आला ना, तो माझा नव्हता! पण ऐकतंय कोण? काल करामाला थाळी खायला गेलो तर गल्ल्यावरचा उठून उभा, "नागेशभाऊ, काय तो खर्ज! अंगावर काटा आला!" अरे बाबा, तुझ्या अंगावर आला आणि गेला, माझ्या अंगावरचा अजून बसलेला नाही!

मुळात मी कोण? एसीवाला. इथे आखातात डक्टिंगची कामं घेतो, सगळी पोरं आमच्या कुडाळकडची. गाण्याशी माझा संबंध काय? शाळेत प्रार्थनेला गुरुजी म्हणायचे, "नागेश, तू नुसता उभा राहा." लग्न झाल्यावर कुमुद, म्हणजे आमची ही, बाथरूमच्या दारावर थापा मारायची, "अहो, शेजारी मल्याळी आहेत, त्यांना वाटेल इथे कुणाला काही झालं!" आणि मुलगी शर्वाणी तर एका शब्दात, "बाबा. डोन्ट." जन्मात एका माणसाने मला गा म्हटलं नाही... आणि ज्याने म्हटलं, तो हा जर्मन.

हेर वोल्केनहाउअर! आमच्या पोरांच्या जिभेवर ते बसेना, त्यांनी त्याचं वालावलकर करून टाकलं, आणि म्हातारा त्या हाकेला ओ सुद्धा द्यायला लागला. ऐंशीच्या घरातला, अंगाने काठी, तोंडात सदानकदा निलगिरीची गोळी. जन्मभर कॉयर चालवलेला माणूस, म्हणजे माणसांचा जथा समोर उभा करायचा आणि बोटाच्या इशाऱ्यावर गायला लावायचं. तिकडे म्हणे खाणीतल्या कामगारांना गायला लावलं, मग गोदीतल्या हमालांना, मग एकदा तुरुंगात जाऊन कैद्यांना! रचनाही स्वतःच्याच, पण पेटी नाही, तबला नाही, फक्त गळे. एक रचना नुसत्या धुक्यावर, एक नदीवरच्या बर्फाला तडा जातो त्याच्यावर, आणि एक तर अशी की सगळे उभे राहून फक्त श्वास घेतात... अहो, मग घरी बसून आम्ही वेगळं काय करतो? बायको वारली, लेक इकडे नोकरीला, म्हणून म्हातारपणी आला डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला, आणि सामान सोडायच्या आत जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये कॉयर सुरू!

त्या हॉलच्या एसीची तक्रार आली म्हणून मी गेलो. म्हातारा छताकडे बोट करून म्हणतो, "युवर मशीन इज सिंगिंग!" मी म्हटलं, "सर, सिंगिंग नो, बेअरिंग." तर म्हणे, "हाऊ डझ इट सिंग? शो मी." आता बेअरिंग कसं घुमतंय ते मी आपलं करून दाखवलं, "हूंऽऽऽ"... आणि तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्याने माझा दंडच धरला! "अगेन!" मी पुन्हा, "हूंऽऽऽ". त्याच्या डोळ्यांत पाणी! म्हणे, माझ्या शेवटच्या रचनेचा शेवटचा सूर हा, इतका खालचा खर्ज इथे कुणाला लागत नाही, तो तू गायचा. एकच सूर. पण मी! एसीवाला!

मग काय, शेख झायेद रोडवर काचा वर करून माझं "हूंऽऽऽ" चालू! बाजूच्या गाडीतले मान वळवून बघायचे. तालमीला म्हातारा आधी नाकाने श्वास घेऊन दाखवायचा, "सूंऽ", आणि माझं चुकलं की पेन्सिलीने स्टँडवर टक टक. टक टक म्हणजे थांब. पण "बस खाली" असं तो एकदाही म्हणाला नाही. हसू नका... मला तो सूर हवा होता हो. एकदाच, चार लोकांत, माझ्या गळ्यातून, आणि समोर कुमुद बसलेली पाहिजे. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

आणि कार्यक्रम तोंडावर आला, तर म्हातारा गेला! दुपारी आडवा झाला तो उठलाच नाही. मरियम, त्याची लेबनानी असिस्टंट, डोळे पुसत म्हणाली, "खलास? नो, हबीबी! वी सिंग इट फॉर हिम."

तर कार्यक्रमाची संध्याकाळ. रचना अशी, की एकेक गळा गप्प होत जातो आणि शेवटी उरतो फक्त खर्ज. म्हणजे मी. एसी मी स्वतः बंद केलेला, ब्रेकर माझ्या हाताने खाली ओढलेला, हे लक्षात ठेवा, कारण झालेलं सांगितलं की सगळे मलाच शहाणपण शिकवतात, "एसी असेल." मरियमचा हात माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं... आणि म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, सूर फुटेचना! कुमुद समोर, हॉल भरलेला, आणि मी आपला आ वासून उभा. आणि माझ्या उजव्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. "सूंऽ." निलगिरीचा वास आला. आणि सूर लागला.

मी गायलो नाही हो! तो तळपायांतून वर चढला... पोटऱ्या, गुडघे, बरगड्या... गार, गार म्हणजे एसीच्या थंड पाण्याचा पाइप छातीतून टाकल्यासारखा, आणि तोंडातून बाहेर! पुढच्या रांगेतल्या खुर्च्या जमिनीवर थरथरायला लागल्या. मी घाबरून तोंड मिटलं, सूर बंद. उघडलं, सूर चालू. मिटलं, बंद. उघडलं, चालू! लोकांना वाटलं, रचनाच तशी आहे!

आणि मग टाळ्या. वासिफ, माझ्या शेजारी उभा राहणारा लाहोरचा, मिठी मारून म्हणतो, "नागेशभाई, ये आवाज कहाँ छुपा रखी थी?" शर्वाणी म्हणते, "बाबा, दॅट वॉज इन्सेन." कुमुद नुसती रडत होती. मी म्हटलं मरियमला, "मॅडम, आय नॉट सिंग!" तर ती गालावर हात ठेवून, "सो हम्बल!" आता भुताटकीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला वेळेवर आठवायला नको?

दुसऱ्या दिवशी भरदुपारी एकटा हॉलवर गेलो. दार लावलं. म्हटलं, "साहेब, हा सूर तुम्ही मला दिला होता. तुम्ही होतात तेव्हा गा म्हणालात, आता मला गाऊ तरी द्या." मी सगळा जीव एकवटून स्वतःचा सूर लावला, "हूंऽऽ..." थोडा फाटला, मान्य. रिकाम्या हॉलमध्ये आवाज आला... टक टक. स्टँडजवळ कुणी नव्हतं. मी पुन्हा लावला. टक टक! तुम्हाला सांगतो, मी चपला तिथेच टाकून गाडीपर्यंत पळालो, त्या उन्हात, अनवाणी!

आणि तरी शेजारच्या अमिरातीतून, उम्म अल कुवैनहून, त्याच कार्यक्रमाचं आमंत्रण आलं आणि मी हो म्हटलं. का? कारण ठरवलंच होतं, की ह्या खेपेला मीच गाणार, फाटला तर फाटला. समुद्राकाठचा हॉल, माझी पाळी आली, मी पोटातून जोर लावला... आणि माझ्या आवाजाच्या आधी तो आला! म्हटलं, तोंडच मिटतो, मग कसा गातोस बघू. तर जबडा मिटेना! हाताने खालून दाबला, तरी मिटेना! त्याचं मन भरेपर्यंत तो सूर चालला, आणि मग कुणीतरी हळूच, दोन बोटांनी, माझी हनुवटी वर केली. बोटं थंडगार होती.

येताना गाडीत मी कुमुदला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "अगं, मी गायलो नाही. कधीच गायलो नाही. ते वालावलकर गातात." वाटलं, दचकेल, किंचाळेल. तर ही पर्स आवरत म्हणते, "माहितेय मला."

"माहितेय? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचा आवाज ओळखत नाही होय मी? आणि त्यांनीच सांगितलं ना मला."

"त्यांनी? कधी?"

"अहो, तुम्ही झोपलात की तोंड उघडंच असतं तुमचं. आधी हळू गातात थोडंसं, मग बोलतात दोन शब्द. बायकोची आठवण काढतात, बिचारे. पूर्वी तुम्ही घोरायचात तेव्हा माझा डोळा लागायचा नाही, आता कशी शांत झोप येते. तेव्हा उगाच मध्ये मध्ये स्वतःचं लावू नका. त्यांना त्रास होतो. कळलं?"

वादाला तोंड फोडायची सोय नाही राहिली मला! मी आपलं "बरं" म्हणायला तोंड उघडलं... आणि गाडीच्या काचा थरथरल्या. "बरं" आलं. खालून, अगदी खालून आलं. कुमुद मान हलवून म्हणाली, "थँक यू हं." पण तुम्हाला सांगतो... ते मी म्हणालो नाही हो!