सुआदनं दिलेला पट्टा

स्फाक्स शहराच्या स्टँडवर गाबेसला जाणारी शेअर गाडी भरायची वाट पाहत होतो. शेजारी एका चाळिशीतल्या बाईला तिच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका अचानक भेटल्या.

"बाई, मी कौथर. हँडबॉलची कप्तान."

"अगं, ती मुखदुर्बळ कौथर? काय करतेस हल्ली?"

"प्रसूती विभागाची मुख्य नर्स आहे. वीसजणी हाताखाली. तुम्ही कप्तान केलंत म्हणून तोंड उघडलं, बाई. तुमचे फार उपकार आहेत."

"माझे कसले? मी तर कप्तान म्हणून तुमच्या संघातल्या सुआदचं नाव लिहिलं होतं."

"मग?"

"तीच आली माझ्याकडे. म्हणाली, हरल्यावर सगळ्या मुली कौथरजवळ जाऊन बसतात, माझ्याजवळ कोणी येत नाही. कप्तानाचा दंडावरचा पट्टा तिलाच द्या."

"सुआद म्हणाली? अहो, मी कप्तान झाल्यावर ती महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती!"

"बोलली असती तर रडली असती. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"असते कुठं ती?"

"इथंच. बाब जब्लीच्या वेशीजवळ कपडे शिवते."

"गाबेस! चला, बसून घ्या!" ड्रायव्हर ओरडला.

"द्या ती पिशवी, बाई. आत ठेवते."

"आणि तू गं?"

"मी नंतरच्या गाडीनं येईन. आधी सुआदकडे जाते."