पट्टा काढायला लावणारे पितांबर नाना

माननीय अध्यक्ष महाशय, धुळ्याहून मुद्दाम आलेले पाहुणे रुपचंद शेठ, आपल्या जिनिंग फॅक्टरीतून आज निवृत्त होणारे हेडमिस्त्री पितांबर नाना, आणि जळगावकर बंधुभगिनींनो,

नानांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीविषयी आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे. मी, भटू फिटर, त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी बोलतो. यंत्रे बसवायला आलेला अमेरिकन इंजिनियर जाताना फळ्यांची एक लांब वाट, दहा लाकडी पिना आणि आठ शेरांचा चेंडू आपल्या क्लबात मागे ठेवून गेला. चेंडू घरंगळवून दूरच्या पिना पाडायच्या, असा तो खेळ. त्याचे नियम आपल्यात एकट्या नानांना पाठ, म्हणून पंचही तेच.

तीन वर्षांपूर्वी चालू यंत्रात हात घालून मी उजव्या हाताची दोन बोटे गमावली. चूक माझीच. चेंडूला भोके दोन, एक अंगठ्याचे, एक मधल्या बोटाचे. मधले बोटच नाही, तर चेंडू धरायचा कसा? मी मनगटाला चामडी पट्टा बांधला, त्याला लोखंडी आकडा लावला. आकडा भोकात अडकवायचा, हात झोकला की तो सुटायचा. दोन महिने सराव केला. खोटे कशाला सांगू, पिना पडू लागल्या तेव्हा गेलेली बोटे परत आल्यासारखे वाटले.

मग हाच खेळ खेळणारा धुळ्याचा संघ सामन्याला आला. माझी पाळी येताच नानांनी हात आडवा केला. चेंडू हातानेच धरायचा आणि हातानेच सोडायचा, दुसरे साधन चालणार नाही, असा नियम. धुळ्याचे कप्तान रुपचंद शेठ मोठ्या मनाने म्हणाले की आमची हरकत नाही, खेळू द्या. नाना मला एवढेच म्हणाले, "भटू, पट्टा तुना हात नही शे. काढ."

भर मंडळीत मी पट्टा काढला आणि सरळ घरी गेलो. पुढे अडीच महिने नानांशी बोललो नाही. ते समोरून आले की मी गल्ली बदलायचो. त्या दिवसांत ते लंगडत होते. लोक म्हणत, वात असेल. मी विचारलेसुद्धा नाही.

एका रविवारी सकाळी ते दारात उभे. मला क्लबात घेऊन गेले. बघतो तो त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे चिंधीने आवळलेली. म्हणाले, "मन्हाबी दोन बोटं बांधेल शेतस. आते देख."

त्यांनी चेंडू तळव्यावर तोलला, शेवटच्या पावलापर्यंत डाव्या हाताचा आधार दिला, गुडघ्यात वाकून सोडला. सात पिना पडल्या. ही पकड शोधताना चेंडू दोनदा पायावर पडून त्यांचे नख गेले होते, हे नानांच्या पत्नी प्रमिलाकाकूंनी मला नंतर सांगितले.

यंदा संक्रांतीला मी धुळ्याविरुद्ध तसाच खेळलो. नानांनी माझे दोन्ही हात निरखून पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "चेंडू नियमात आहे." सामना आपण सहा पिनांनी हरलो, रुपचंद शेठ तिथे हसत आहेतच.

आता नाना एरंडोलला राहायला जातील. अध्यक्षांनी मला बोलू दिले, आपण शांतपणे ऐकलेत, सर्वांचा आभारी आहे. भाषणात चुकले असेल ते आपण पोटात घालालच. पण नाना, ते अडीच महिने मी तुमच्याशी बोललो नाही, त्याची माफी तुमच्याजवळ कधी मागितली नाही. ती आज या सभेसमोर मागतो.