देव्हाऱ्यावरचा पहारा

(मे महिन्यातली दुपार, धरणाचा काठ. हंबीरराव खांद्यावर टॉवेल टाकून दगडावर बसलेत. त्यांची लेक तेजस्वी कोल्हापूरहून स्कूटीवर नुकतीच येऊन पोचली आहे.)

तेजस्वी : हसताय काय, आबा? सगळ्यांचे पिंजरे हलले. आपलेच तेवढे इथं का?

हंबीरराव : आगं, त्येच बघून हसतोय! सकाळधरनं नुसता तमाशा चाललाय. ती धोंडुबाई आन् तिच्या गटातल्या बायका मोटारबोटीला दोर लावून माशांचे पिंजरे धरणाच्या भिंतीकडं वढत न्हेत्यात. मी हितनंच वरडलो, “वैनी, माशांची सहल काढलीया व्हय?”

तेजस्वी : त्यांना मेसेज गेला होता. आमच्याच ऑफिसातून. उपग्रहाच्या फोटोत ह्या काठाला हिरवं शेवाळ पसरताना दिसलं.

हंबीरराव : त्येंला आला असंल. माझा फोन गप हाय. मगाशी तू फोनवर इचारलंस तवाच सांगितलं की, मला काय आलं न्हाय म्हणून.

तेजस्वी : म्हणून तर जेवण टाकून पळत आले! शेजारच्या पिंजऱ्याला धोका आणि आपल्याला नाही, असं कसं होईल? पाणी एकच आहे ना?

हंबीरराव : खाण्याचा डबा वाजवून दावू? चिलापी कशी उसळत्यात बघ. आजारी वाटत्यात व्हय?

तेजस्वी : दिवसा काहीच कळत नाही, आबा. रात्री ते शेवाळ पाण्यातली हवा ओढून घेतं. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. मोकळा मासा खोल पाण्यात पळून जातो, पिंजऱ्यातला कुठं जाईल?

हंबीरराव : म्हंजे... समदे?

तेजस्वी : समदे. वारा आपल्याकडंच आहे. द्या फोन इकडं.

हंबीरराव : धर. वल्लं हात लावू नगं.

तेजस्वी : मेसेज आलेत की! दर सोमवारी एक. तीस आहेत.

हंबीरराव : येत्यात की. आला की फोन कपाळाला लावतो आन् ठिवतो.

तेजस्वी : वाचत नाही?

हंबीरराव : वाचायचं काय त्यात? आला म्हंजे वरचा जागा हाय.

तेजस्वी : ऐका मग. “दिलेल्या जागी पाणी दिसत नाही. कृपया जागा तपासा.” तीसच्या तीस हेच! आबा, पिंजऱ्यांच्या नोंदणीचं बटण दाबताना तुम्ही कुठं उभे होता?

हंबीरराव : हुबा कशाला? पाटावर बसलतो.

तेजस्वी : पिंजऱ्यावर पाट?

हंबीरराव : घरात गं! खंडेनवमी हुती. कोयता, खुरपं, जाळं, समदी हत्यारं देव्हाऱ्याम्होरं मांडली, त्यात मोबाईल बी ठिवला. हळदीकुकू वाह्यलं, नारळ फोडला आन् मग दाबलं बटण. येवढं मोठं काम, बिनपूजेचं करायचं व्हय?

तेजस्वी : अहो, जिथं दाबाल तिथली जागा नोंदली जाते! सात महिने उपग्रह आपल्या देव्हाऱ्यावर पहारा देतोय!

हंबीरराव : आँ?

तेजस्वी : आमच्या यादीत नावं नसतात, नुसते नोंदणीचे नंबर असतात. एकाचे मासे पत्र्याखाली कसे राहतात म्हणून सगळं ऑफिस डोकं खाजवतंय. तो माझाच बाप निघाला!

हंबीरराव : हसू नगंस.

तेजस्वी : तुम्हीच हसताय!

हंबीरराव : हसू न्हाय तर काय करू? जो समद्या जगाला राखतोय, त्येलाच राखण बसवली मी! आन् माझी चिलापी सोडली वाऱ्यावर.

तेजस्वी : चला, उठा. मोटारबोट कुणाकडं आहे?

हंबीरराव : हाय येकच. धोंडुबाईकडं.

तेजस्वी : मारा हाक.

हंबीरराव : कंच्या तोंडानं मारू? सकाळधरनं दात काढतोय तिच्यावर. त्यापरास वल्ह्याची होडी आणू.

तेजस्वी : वल्ह्यानं सहा पिंजरे न्यायला उद्याची दुपार होईल. पहाटेपर्यंत काय उरणार?

हंबीरराव : तुझी आई गेल्यावर मी आंथरुणातनं उठत नव्हतो, तेजू. ह्या माशांनीच उठिवलं मला. तांबडं फुटलं की डबा वाजवायचा, ती वर आली की बरं वाटायचं.

तेजस्वी : मग लाज मोठी, का मासे?

हंबीरराव : सर बाजूला. ओ वैनी! धोंडुवैनी! बोट घिऊन या वो! चुकलो मी!

धोंडुबाई : काय म्हणताय भावजी? लांबनं ऐकू येत न्हाय!

हंबीरराव : चुकलो म्हंतोय!

धोंडुबाई : आजून येकदा! माझ्या बायास्नी बी ऐकू दे की!

हंबीरराव : चुकलो! चुकलो! झालं का पोट भरून? या आता!

धोंडुबाई : आले, आले! टाकी भरूनच ठिवलीया.

तेजस्वी : काकू, दोरसुद्धा बांधून आणलात?

धोंडुबाई : आगं, ह्येंचा फोन मुका झालाय, ह्ये सकाळीच वळखलं मी. सांगाय गेले तर ह्ये सहलीचं इचारत बसले. म्हटलं, डोकं तापलं की येत्याल ताळ्यावर. धरा दोर भावजी, नुसतं बघत ऱ्हाऊ नका.

हंबीरराव : धरला! जोतिबाच्या नावानं...

धोंडुबाई : चांगभलं!

तेजस्वी : हलले! आबा, पिंजरे हलले! आता तिकडं पोचलो की पिंजऱ्यावर उभं राहून बटण दाबायचं.

हंबीरराव : आन् पूजा?

तेजस्वी : ती झालीय की सात महिन्यांपूर्वी!

हंबीरराव : वैनी, जरा दमानं घ्या, मासं बिचकत्यात. आन् भिंतीकडं तुमच्या पिंजऱ्यांची दाटी झाली असंल. माझे कडंला कुटंतरी बांधतो मी.

धोंडुबाई : कडंला कशापायी? वारं लागतंय तिथं. आमी सकाळी बांधतानाच मधी सा पिंजऱ्यांची जागा सोडलीया.