लाल लागला की

वहिनी : पिशवी ओट्यावर नको, भाऊजी. भात निवतोय तिथे. आणि एवढं धापा टाकत यायला झालंय काय?

भाऊजी : लाल लागला, वहिनी!

वहिनी : बरं.

भाऊजी : बरं काय? अहो, काल त्या खुर्चीवाल्यांच्या, पायांना घालायच्या काळ्या टोप्यांची ऑर्डर संपली एकदाची. भांडं घासून घेतलं, सकाळी प्लास्टिकचा लाल रस भरला. आणि पहिली बुडवणी कुणाची? आपल्या दादाची! हात पुढे करा. धरा. अजून कोमट आहे बघा.

वहिनी : चमच्याची ग्रिप.

भाऊजी : चमच्याची ग्रिप काय म्हणता, बाजारातून उचलून आणल्यासारखं! तुम्ही कणकेचा गोळा दादाच्या हातात दाबून पाठवला होता ना, त्यावरून साचा कापलाय. ही पहिल्या बोटाची खोबण, ही मधल्याची, आणि अंगठ्याला इथे टेकू. मऊ, पण लिबलिबीत नाही. जगात दुसऱ्या कुणाच्या हातात बसणार नाही.

वहिनी : सुबक झालीय.

भाऊजी : टोकाला थेंब शोधून दाखवा. शोधाच. साचा रसातून घाईनं वर काढला की टोकाला थेंब लोंबकळतो आणि भट्टीत तसाच भाजून निघतो. माझ्या आयुष्यातला अर्धा माल दादानं त्या थेंबापायी माझ्या अंगावर फेकलाय. मागे उभा राहायचा, हाताची घडी घालून, आणि एकच शब्द. सावकाश. आज मी एकटा होतो तरी मला मागून ऐकू येत होतं.

वहिनी : चहा ठेवते. बसा.

भाऊजी : चहा नंतर. त्याची जेवायची वेळ झालीय ना? चमचा द्या, बसवून देतो. आज आपल्या हातानं जेवेल तो.

वहिनी : बसा म्हणते ना, भाऊजी.

भाऊजी : झोपलाय का?

वहिनी : जागे आहेत. तुमचा आवाज गल्लीच्या टोकापासून येतो, झोपतील कसे? बसा त्या स्टुलावर.

भाऊजी : काय झालं? परत अर्धांगाचा झटका आला का? मला फोन का नाही केलात?

वहिनी : झटका नाही आला. हात गेला.

भाऊजी : गेला म्हणजे?

वहिनी : उजवा हात. वळून बसलाय. अशी घट्ट मूठ झालीय की नखं कापायची तर मला एकेक बोट उचकटावं लागतं, आणि हे ओठ चावून गप्प बसतात. आत काही सरकवायला जागाच नाही, भाऊजी. तुमची ग्रिप जायची कुठे?

भाऊजी : पण बोटं हलत होती की त्याची. तुम्हीच सांगितलं होतंत.

वहिनी : हलत होती. तेव्हा हलत होती. व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, हाताला काम द्या. चमच्याचा दांडा पातळ आहे, निसटतो, जाड काहीतरी धरायला द्या, रोज तीन वेळा जेवायला बसवा, हात शिकेल परत. नाहीतर आखडेल. म्हणून तर तुम्हाला सांगितलं. घरचाच कारखाना, म्हटलं, दोन दिवसांत येईल.

भाऊजी : फडकं गुंडाळून...

वहिनी : गुंडाळलं. भिजतं, घसरतं. सुतळी गुंडाळली, ती टोचायची. दोन-चार घास तोंडात, बाकी सदऱ्यावर. त्यात डाव्या हाताची बोटं कारखान्यातल्या प्रेसनं कधीच खाल्लेली, म्हणजे असला तर हाच हात. एक दिवस चिडून चमचा भिंतीवर मारला. तो तिथे, कॅलेंडरखाली डाग आहे बघा. मी म्हटलं, जरा दम धरा, भाऊजी करतायत. फोन केला की तुमचं एकच. लाल लागला की लगेच.

भाऊजी : भांड्यात काळा होता, वहिनी. भरलेलं भांडं. तो संपल्याशिवाय दुसरा रंग घेता येत नाही, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्या कारखान्यात डबे पोचवलेत.

वहिनी : सिग्नलला लोक हिरव्यासाठी खोळंबतात. आम्ही आपले लालासाठी.

भाऊजी : तुम्हीच लाल म्हणालात.

वहिनी : तुम्ही विचारलंत म्हणून! दारात उभे होतात, निघायच्या घाईत, आणि विचारलंत, रंग कुठला? तुमच्या हातात हेल्मेट होतं लाल. तोंडात आलं ते सांगितलं.

भाऊजी : म्हणजे लालच पाहिजे असं काही...

वहिनी : काळा चालला असता. निळा चालला असता. ठिगळाठिगळाचा दिला असतात तरी मी ओवाळून घेतला असता, भाऊजी.

भाऊजी : गिऱ्हाईकानं सांगितलेला रंग बदलायचा नाही, हे दादानंच शिकवलंय मला.

वहिनी : आम्ही गिऱ्हाईक होतो का?

भाऊजी : चहा बघा, उतू जाईल.

वहिनी : साचा कधी झाला तयार?

भाऊजी : राहू द्या ना ते.

वहिनी : सांगा.

भाऊजी : कणकेचा गोळा आला त्याच आठवड्यात. कणीक वाळून तडकायला लागली होती, म्हणून घाईनं कापला.

वहिनी : मग तो तेव्हापासून...

भाऊजी : भट्टीच्या वर. फळीवर. रोज दिसायचा.

वहिनी : आणि काळ्यात एकदा बुडवला असता तर किती वेळ लागला असता?

भाऊजी : टोप्यांच्या रांगेत टांगायचा. टोप्यांबरोबर भाजून निघाला असता. वेळ कसला, वहिनी. चहा प्यायला जातो तेवढा.

वहिनी : चहा उकळला. घ्या.

भाऊजी : नको.

वहिनी : छोट्या डब्यात नव्हता कालवता येत लाल? घोटभर?

भाऊजी : येतो कालवता. पण थोड्या मालात रंग सारखा मिसळत नाही, ठिपके राहतात. ठिपक्यांचा माल घेऊन दादापुढे उभा राहू? त्यानं एकदा नुसतं बघितलं असतं ना माझ्याकडे...

वहिनी : ते आडवे पडलेत, भाऊजी. फेकायला हात नाही त्यांना. अजून भिता?

भाऊजी : भितो. काय करू? म्हटलं, असा तुकडा नेईन की तो बघतच राहील. त्याला धड बोलता येत नाही तर निदान नाव ठेवायला जागा नको. त्याच नादात राहिलो. वाटायचं, दादा कुठे जातोय, इथेच तर आहे.

वहिनी : आणि मधल्या काळात एकदाही आला नाहीत.

भाऊजी : हात हलवत कसा येऊ?

वहिनी : तसंच यायचं होतं. मला खरं कारण माहीत आहे, भाऊजी, उगाच ग्रिपच्या आड लपू नका. मी त्यांना भरवताना तुम्हाला बघवत नव्हतं. मागल्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे होतात. मलाही नव्हतं बघवत पहिल्यांदा. पण मला खिडकीकडे तोंड करून चालतं का?

भाऊजी : बोला. आणखी बोला. ऐकायलाच पाहिजे मला.

वहिनी : बोलून हात उघडणार आहे का? साचा वर काढताना सावकाश, हे बरोबर. पण आणून द्यायला कसला सावकाशपणा? इतकंच. झालं माझं बोलून. तोंड धुवा. असल्या तोंडानं आत जाऊ नका.

भाऊजी : मी जातो, वहिनी. ग्रिप ठेवा तुम्ही. किंवा टाकून द्या.

वहिनी : खबरदार. त्यांनी आवाज ऐकलाय तुमचा. आता न भेटता गेलात तर मी नाही समजूत काढणार. चला. वाटी मी घेते, चमचा तुम्ही घ्या. आणि ती ग्रिप बसवा त्याच्यावर.

भाऊजी : बसवून काय करू?

वहिनी : बसवा.

(आतली खोली. खिडकीजवळ पलंग, पलंगावर उशांना टेकून दादा. उजवा हात छातीशी आवळलेला.)

दादा : धा... कट्या.

भाऊजी : दादा. बरा आहेस?

दादा : वास.

भाऊजी : कसला वास?

वहिनी : तुमच्या कपड्यांना कारखान्याचा वास येतोय. बरं वाटलं त्यांना. तुम्ही आलात की भट्टी घरात येते, म्हणायचे पूर्वी.

दादा : काय... आणलं?

भाऊजी : काही नाही रे. तुझी ग्रिप. चमच्याची. उशीर केला मी, दादा. फार उशीर केला.

दादा : आण.

भाऊजी : कशात देऊ? वहिनी, हात तर...

वहिनी : डाव्यात द्या. अंगठा आणि करंगळी आहे ना. तेवढ्यात धरतात.

भाऊजी : हं, धर. काळ्यात बुडवून आणायला हवी होती तेव्हाच. अक्कल नव्हती मला. लालाची वाट बघत बसलो. ऐकतोयस ना? रागाव तरी. फेक ती.

वहिनी : थांबा. अंगठ्यानं टोक चाचपतायत.

दादा : थेंब...

भाऊजी : बघ तू.

दादा : थेंब... नाही.

भाऊजी : नाही, दादा.

दादा : छान.

भाऊजी : असं नको ना रे म्हणूस. उभ्या जन्मात कधी म्हणाला नाहीस.

दादा : भूक.

वहिनी : घ्या, भात पार गार झाला. भाऊजी, चमचा घ्या त्यांच्याकडून.

भाऊजी : मी?

वहिनी : मग कोण? मी वाटी धरलीय.

भाऊजी : माझ्या हातात बसत नाही हा, वहिनी. खोबणी त्याच्या बोटांच्या आहेत. माझी बोटं जाडी पडतात.

वहिनी : बसेल. अर्धाच चमचा भरा. डाव्या गालाकडून द्या, उजवीकडून सांडतं. आणि त्यांच्याकडे बघा, खिडकीकडे नको.

भाऊजी : बघतोय. आ कर, दादा.

दादा : सावकाश.