कड्याकडे वळलेलं छत्र

मंडळी, आधी मला एक सांगा. सरळ निघालेला माणूस भलतीकडे वळला, तर दोष कुणाचा? वाऱ्याचा? ज्यानं त्याची तयारी करून दिली त्याचा? की त्याचा स्वतःचा? — पेटीवाले, तुम्ही गप्प बसा! तुम्ही दर वेळी माझ्या गळ्यालाच दोष देता!

ऐका तर. पुष्कळ वर्षं झाली. माझे गुडघे तेव्हा माझं ऐकायचे. धारकड्याच्या पायथ्याशी केतकवणे म्हणून गाव. तिथं नृसिंहाच्या उत्सवात मी कीर्तनाला गेले होते. देवळाच्या ओसरीवर बघते तर काय — एक मुलगा आणि एक मुलगी, भलंमोठं रंगीत कापड पसरून गुडघ्यांवर बसलेली! मला वाटलं, मांडववाले. विचारलं, "मांडव कुठे घालताय रे?"

मुलगी हसली. "आभाळात, मावशी!"

ती ऋता, तो निरंजन. सख्खी बहीणभावंडं. कड्यावरून उडी मारायची आणि पाठीवरच्या पिशवीतलं पॅराशूट उघडून खाली उतरायचं. बेस जंपिंग म्हणतात त्याला. विमान नाही, काही नाही! कड्याच्या टोकाशी उभं राहायचं, आणि... हं! आपण देवळाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतो, मंडळी!

आता या खेळात ज्यानं त्यानं आपापलं पॅराशूट घडी करावं, अशी रीत. पण या दोघांनी एका भाऊबीजेला ठरवलं — ओवाळणी नको, साडी नको. तिची घडी त्यानं घालायची, त्याची तिनं. तुझा जीव माझ्या हातात, माझा तुझ्या! केवढा विश्वास!

एरवी निरंजन आधी उडी घ्यायचा आणि खाली बहिणीची वाट बघत उभा राहायचा. त्या सकाळी ऋता हट्टाला पेटली. "आज मी आधी, दादा. दर वेळी तूच काय?"

"बरं बाई, जा!"

निरंजन वर कड्यावर, आम्ही बाकीचे सगळे खाली माळावर. माना वर. पान हलत नव्हतं. तिनं उडी घेतली! आली, आली, दगडासारखी आली! मग उजवा हात मागे गेला, तिनं छोटं छत्र फेकलं, त्यानं मोठं ओढून काढलं — फाट्! — आणि मंडळी, ते उघडलं कड्याकडे तोंड करून! पोरीनं जायचं दरीकडे, ती निघाली थेट काळ्या पाषाणावर! खांद्यापासून छत्राकडे जाणारी एका बाजूची पट्टी तिनं जीव खाऊन ओढली. छत्र थबकलं... फिरलं... बूट कड्याला घासला — आणि सुटली!

निरंजननं उडी घेतलीच नाही. पायवाटेनं उतरून आला आणि आपले तळहात बघत बसला.

"या हातांनी घातली घडी. काहीतरी वाकडं बसलं असणार. ऋता, यापुढे मी तुझी घडी घालणार नाही."

"अरे वेड्या—"

"मेली असतीस तू!"

"मेले नाही ना? मग रडायचं नंतर. आधी कारण शोधू."

मी विचारलं, "काय गं, असं का होतं?"

"बरीच कारणं असतात, मावशी. बाजूनं वारा आला. घडी एका अंगाला जास्त बसली. एखादी दोरी कमीजास्त राहिली. नाहीतर उडणाऱ्याचे खांदे — एक वर, एक खाली. एका खांद्यावर ताण आधी आला, की छत्र फिरतं."

"एवढ्याशा खांद्यानं?"

"एवढ्याशानंच."

वारा तर नव्हता. मग तिनं भावाला बळंच आपल्या पॅराशूटची घडी घालायला लावली, तशीच, त्याच हातांनी. दुसऱ्या दिवशी तेच पॅराशूट घेऊन त्यानं स्वतः उडी घेतली. छत्र सरळ दरीकडे! पण पठ्ठ्याला पटेना. "एकदा सरळ उघडलं म्हणून काय झालं?"

तेव्हा तिनं देवळातलं बाक मागून घेतलं. त्यावर पालथी झोपली आणि हात मागे नेऊन छोटं छत्र फेकलं. तो समोर उभा राहून बघतोय. खांदे सरळ! पुन्हा फेकलं. पुन्हा सरळ! आम्ही बायका फुलवाती सोडून तिथंच. फेकलेलं कापड आणायला निरंजन तिच्या मागे गेला, तिच्या हातात देऊन तिथंच थांबला. तिनं पुन्हा फेकलं—

"थांब! हलू नकोस. कुठे बघतेयस?"

"समोर."

"समोर? मग मला तुझे डोळे कसे दिसतायत?"

मंडळी, तिची मान डावीकडे मागे वळलेली, आणि डावा खांदा चार बोटं खाली! तिला स्वतःला पत्ता नाही! तिनं मान सरळ केली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तू पहिल्यांदाच मागे होतास, दादा. तू बघतोयस का... ते बघितलं असणार मी."

अहो, मला काटा आला! केवढा तो कडा, केवढी ती दरी, आणि माणसाची दिशा कशानं फिरली? एका नजरेनं! तीही मायेच्या!

निरंजन म्हणाला, "मग मी खालीच थांबतो. समोर असलो की तू—"

"नाही. तू घडी घाल, आणि मागेच राहा. मला शिकायचंय."

तिसऱ्या सकाळी तिनं उडी घेतली. आम्ही पुन्हा माळावर, माना वर. हात मागे गेला. मान? मान हलली नाही! फाट्! छत्र उघडलं, दरीकडे तोंड करून, आणि पोर घारीसारखी तरंगत निघाली. वर कड्यावरून निरंजनचा आवाज आला, सगळ्या दरीत घुमला — "पाठ! तिची पाठ दिसतेय!" आपल्या माणसाची पाठ बघून कुणी एवढं नाचलेलं मी जन्मात पाहिलं नाही, मंडळी!

आता तुमचं सांगते. देव मागे उभा आहे, असं तुम्हीच म्हणता ना? मग घडीघडीला मान का वळते? नवस पोचला का? माझ्याकडे बघतोय का? शेजाऱ्याकडे जास्त तर बघत नाही? आणि कड्यावर आदळायची वेळ आली, की म्हणायचं, त्यानंच घडी वाकडी घातली! त्यानं प्रेमानं घातलीय हो. खांदा आपला पडलाय!

चला, डोळे मिटा. मान सरळ, खांदे सैल. नारायण... नारायण... अहो खांबापाशी बसलेले, मी बघतेय की नाही, ते बघू नका! म्हणा — नारायण!