पत्र्याचं स्टेशन

मथुरा : अगो दमयंती, स्टेशन तिथे कोरड्यात काय ठेवतेस? पाण्याकाठी सरकव. निळा कागद मग अंथरला कशाला मी?

दमयंती : अहो वहिनी, आगगाडी पाण्यात नाही थांबत.

मथुरा : मग माणसं उतरतात कशी? मी आपली नारळाच्या पोयीचे दोन पडाव करून ठेवले.

दमयंती : गाडी फलाटाला अगदी चिकटून उभी राहते. पाय उचलायचा नि उतरायचं.

मथुरा : आणि हात कोण धरतो?

दमयंती : कुणी नाही.

मथुरा : बरं आहे बाई तुम्हा मिरजकरांचं! आमची मुंबईची बोट उभी राहते ही लांब. पडावातला खलाशी पोराला उचलून धरतो, बोटीवरचा वर ओढून घेतो. दोघांच्या हातांच्या मध्ये असतं ना पोर, तेव्हा खाली नुसतं पाणी. बघवत नाही मला.

दमयंती : असू देत पडाव. लवूला आवडतील. हा रूळ दाबा जरा. ह्याची जीभ त्याच्या खाचेत. हं, बसली.

मथुरा : सगळे वाकडेच गो हे रूळ! जायची कुठल्या गावाला ही गाडी?

दमयंती : कुठेच नाही. निघाली तिथेच परत येते.

मथुरा : तेवढी किल्ली मात्र कुणीतरी द्यायला हवी.

दमयंती : भावोजींनी उगाच आणली मुंबईहून. लवू काय, लाकडाच्या बैलाशीही खेळतो.

मथुरा : उगाच कशी? उद्या दत्तकाचा होम झाला की परवा तुम्ही दोघं मोटारीनं घाट चढणार. मागे रडायला लागला तर मी काय दाखवू त्याला? आंब्याची साठं? आणि तुम्ही समजावलंत ना त्याला नीट?

दमयंती : हे म्हणाले, काकांनी आणलेली आगगाडी बघायला जायचं एवढंच सांग.

मथुरा : म्हणजे पोराला ठाऊकच नाही?

दमयंती : आत्ता मांडवीवर नेलंय ना दोघा भावांनी, तिथे सांगणार होते. शिंपलेच वेचत बसले असतील.

मथुरा : पुरुष मेले! आणि तुला तरी विचारलंनी होतं?

दमयंती : भावोजी त्या दुखण्यात होते ना, तेव्हा ह्यांनी उशाशी बसून शब्द दिला. ते मिरजेस परतले तेव्हा मला कळलं. तुम्हाला?

मथुरा : मला म्हणाले, माजघर आवर, मुलगा येतोय.

दमयंती : तो सिग्नल इकडे द्या. हात खाली पडला की गाडीनं जायचं.

मथुरा : घे. ही पुडी राहिली बघ, माणसांची. हा हमाल. हा शिट्टीवाला. आणि ही बाई, कडेवर पोर. हिला गाडीत बसवू?

दमयंती : नाही मावायची. डब्यांची दारं नुसती रंगवलेली आहेत. फलाटावरच राहू दे.

मथुरा : नको गो. तो म्हणेल, ही आई नि हा मी. मग दिवसभर तिच्यापाशीच बसेल. पोर तेवढं बाजूला नाही काढता यायचं?

दमयंती : एकाच पत्र्याचं आहे, वहिनी. वाकवलंत तर दोघंही मोडतील.

मथुरा : राहिलं.

दमयंती : तो नाही म्हणायचा, ही आई. मी शिकवलंय त्याला.

मथुरा : काय शिकवलंयस?

दमयंती : खेळ. रोज दुपारी खेळतो आम्ही. मी विचारायचं, ओळख मी कोण? त्यानं म्हणायचं, काकू. बरोबर आलं की साखरेची चिमूट. पहिल्यांदा हसायचा. आता चुकत नाही.

मथुरा : दमयंती!

दमयंती : इथे येऊन तुम्हाला आई म्हणताना अडखळू नये म्हणून. निघायच्या आधी अंगणात पडला, गुडघा फुटला. रडत आला नि म्हणाला, काकू, रक्त. मी साखर द्यायची विसरले. तर साखरेसाठी आणखी रडला.

(मथुरा पत्र्याची ती बाई पदरानं पुसते, आणि स्टेशनाच्या दारात, सगळ्यांच्या पुढे उभी करते.)

मथुरा : उद्या तो माझ्या मांडीवर बसेल. ते मला मोडवायचं नाही. ह्यांच्यापुढे माझं कधी काही चाललंय? पण हाक कुठली मारायची, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

दमयंती : लोक काय म्हणतील?

मथुरा : म्हणू देत. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात ती हाक कुणी मारली नाही. आणखी नाही मारली तर घर पडत नाही.

दमयंती : वहिनी, असं नका बोलू. तुम्ही किती वाट बघितलीत...

मथुरा : बघितली. ते राहू दे.

लवू : (बाहेरून) काकू! ए काकू! शिंपले बघ किती!

दमयंती : आले. मला बोलावतोय.

मथुरा : बस खाली. काकू मी आहे. ओ मी देईन. आई म्हणून हाक येईतो तू उठू नको.