एका वर्गातले मायलेक

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, आज मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या बाई, आमचे संख्याशास्त्राचे सर, सर्व गुरुजन, कार्यालयातली मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गबंधूंनो आणि वर्गभगिनींनो! हो, वयानं मी तुमच्या आईच्या जागी असले, तरी हजेरीपटावर तुमच्याच रांगेत आहे. तेव्हा मी असंच म्हणणार.

पहिलं सत्र चांगल्या रीतीनं पार पाडल्याबद्दल आपण माझा सत्कार केलात, पुष्पगुच्छ दिलात, माझ्याविषयी चार चांगले शब्द बोललात. मी मनापासून ऋणी आहे. पण 'चांगल्या रीतीनं' म्हणजे नेमकं कसं, ते सांगितल्याशिवाय हा गुच्छ घरी न्यायला माझा हात धजावत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, मी शहर बसवर कंडक्टर आहे. सकाळची पाळी उरकायची, घरचं पाहायचं आणि संध्याकाळी इथं वाणिज्य शाखेच्या वर्गात येऊन बसायचं. डेपोत वरच्या जागेसाठी पदवी लागते आणि माझं शिक्षण लग्न ठरलं तिथंच थांबलेलं. माझा मुलगा दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, म्हणून त्यानंही याच कॉलेजात नाव घातलं. आई आणि मुलगा एकाच वर्गात! त्या बिचाऱ्यावर काय प्रसंग ओढवला असेल? पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "आई, वर्गात मला सोन्या म्हणायचं नाही." मी कबूल केलं. पण त्याच आठवड्यात हजेरीच्या वेळी त्याचं लक्ष नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे सोन्या, तुझा नंबर!" तेव्हापासून अख्खा वर्ग त्याला सोन्याच म्हणतो. हसा, हसा. आता तोही हसतो.

बाकीचे विषय मी कसेबसे रेटले. संख्याशास्त्रात मात्र सरासरीपर्यंत ठीक चाललं, पुढे प्रमाण विचलन आलं आणि माझी गाडी रुतली. मधल्या चाचणीत मी जवळजवळ कोरा पेपर दिला. घरी येऊन म्हटलं, "पुरे झालं. हे माझ्या डोक्यावरून जातंय."

मुलगा म्हणाला, "भरलेल्या गाडीत वाट काढतेस आणि आकड्यांना घाबरतेस? बस इथं."

झालं, रोज जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शिकवणी सुरू. मास्तर भलताच तापट. "अगं, संख्येचा वर्ग करायचाय, दुप्पट नाही!" एकदा आमचे हे न राहवून म्हणाले, "अरे, ती तुझी आई आहे."

"शिकवणीत नाही," तो म्हणाला.

मंडळी, निकाल लागला. मी सगळ्या विषयांत पास. तो एका विषयात नापास. कोणत्या, हे वेगळं सांगायला हवं का? मला पहिली प्रकरणं पुन्हा पुन्हा समजावण्यात त्याची शेवटची दोन वाचायची राहून गेली होती, आणि मोठे प्रश्न नेमके त्यांच्यावर आले. मी ते सरळ सोडून दिले आणि काठावर तरले. त्यानं त्यांनाच हात घातला आणि सगळा वेळ तिथं गेला.

त्या संध्याकाळी आनंद करावा की गप्प बसावं, हे घरात कुणालाच कळेना. ह्यांनी हौसेनं आणलेला केक कुणी कापलाच नाही. मुलगा म्हणाला, "पुढच्या सत्राला मी नाव घालत नाही. दुकानात पूर्ण वेळ राहतो. मालक कधीचे म्हणताहेत."

"मग मीही जात नाही," मी म्हटलं.

तो उसळलाच. "वा! म्हणजे मी बुडालो आणि आईलाही घेऊन बुडालो, असं म्हणू दे लोकांना!" मग आवाज खाली आला. "आई, तुला शिकवायला मी होतो. मला कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी पाळीवरून थेट संख्याशास्त्राच्या सरांकडे आले. सर म्हणाले, "एवढं काय घाबरता? राहिलेला पेपर पुन्हा देता येतो. त्यासाठी पुढचं सत्र अडत नाही."

मी म्हटलं, "सर, ती शेवटची दोन प्रकरणं मला शिकवाल?"

"तुम्ही तर पास झालात."

"मी झाले, घर कुठं झालंय?"

सरांनी एक अक्षर जास्त विचारलं नाही. सुटीत ते माझ्यासाठी कॉलेजात येत राहिले, आणि मी डेपोच्या गणवेशातच त्यांच्यासमोर बसत राहिले.

मग एका रविवारी दुपारी मी टेबलाशी बसून मुलाला हाक मारली. "ये, तुला सहसंबंध शिकवते."

"तू?"

"हो, मीच. समज, मार्गावर गाड्या वाढवल्या, तर थांब्यावरची गर्दी..." असं मोठ्यानं म्हणत मी गणित मांडलं, आणि उत्तराचं चिन्ह चुकवलं.

तो दारातूनच म्हणाला, "आई, इथं उणे येईल."

"का म्हणून?"

"एक वाढलं की दुसरं कमी होतंय ना! दे इकडे पेन."

आणि तो बसला. सुटीतले उरलेले सगळे रविवार आम्ही असेच भांडत काढले. पुढच्या सत्राला त्यानं नाव घातलंय. राहिलेला पेपर गेल्या आठवड्यात दिला. निकाल अजून यायचा आहे. पास होईल? मला माहीत नाही. नाही झाला तर पुन्हा बसेल. नापास या शब्दाला आमच्या घरात आता कुणी घाबरत नाही, आणि पहिल्या सत्राची माझी खरी कमाई ती, असं मी समजते.

नव्या सत्राचं आमचं ठरलंय. आधी ज्यानं त्यानं आपला धडा पुरा करायचा, मगच दुसऱ्याला शिकवायला बसायचं. तुमच्यापैकी ज्यांचा एखादा विषय राहिला असेल, ज्यांना आज इथं यायचं जिवावर आलं असेल, त्यांनी रविवारी आमच्याकडे या. टेबल लहान आहे, पण दाटीवाटीनं बसवणं हाच माझा धंदा.

सरांचे, प्राचार्यांचे, आणि एका प्रौढ विद्यार्थिनीला सांभाळून घेणाऱ्या माझ्या वर्गाचे किती आभार मानू? आपण शांतपणे ऐकून घेतलंत. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, मोठ्यांच्या मानात कुठं उणीव राहिली असेल, तर पदरात घ्या. मुलाची परवानगी मी 'थोडंसं सांगेन' म्हणून घेतली होती. सगळंच सांगून बसले. तेव्हा त्याची माफी मात्र मला घरी जाऊन वेगळी मागावी लागेल.

धन्यवाद.